गूढ दगडांचे की माणसाचे?

मुळशी तालुक्यातील चांदे गावाच्या परिसरात दगडाच्या खाणी आहेत. पहार आणि सुतकी घेऊन राबणाऱ्या वडाराला दगडात गूढ असे काही दिसत नाही. शीर कुठून जाते ते तो पाहतो, पाचर बसवतो आणि घाव घालतो. गूढ वाटते ते बघ्यांना. नाशिकच्या लेण्यांना आपण ‘पांडवलेणी’ म्हणून मोकळे होतो. तेथील शिलालेख राजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दानाची नोंद देतात, तरी ज्यांनी छिन्नी चालवली त्यांचे श्रेय दंतकथेत पांडवांच्या पदरात पडले आहे.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, होमस्टेड येथे असलेल्या ‘कोरल कॅसल’ची हीच गत झाली आहे. एडवर्ड लीड्सकाल्निन या लाटव्हियातून आलेल्या जेमतेम पाच फूट उंचीच्या, क्षयाने पोखरलेल्या माणसाने सुमारे अकराशे टन दगड एकट्याने खणला, उचलला आणि रचला. नाव पोवळ्याचे असले तरी दगड मुख्यतः चुनखडीचा. आपल्या काळ्या कातळापेक्षा मऊ. गुरुत्वाकर्षणावर मात, चुंबकशक्ती, पिरॅमिडचे रहस्य असे तर्क आजही लढविले जातात. दोष थोडा त्याचाही आहे. तो रात्री कंदिलाच्या उजेडात, कुणी पाहत नसताना काम करी आणि पिरॅमिड कसे बांधले ते आपल्याला ठाऊक आहे, असे सांगे. परंतु लाकडी खांबांचे तिकाटणे आणि साखळीची कप्पी त्याच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसते. बोटाने ढकलले की फिरणारे नऊ टनांचे दार १९८६ साली दुरुस्तीसाठी काढले, तेव्हा आत निघाला एक लोखंडी दांडा आणि मालमोटारीचे जुने बेअरिंग! ज्यांना हे कळल्यावर निराशा वाटते, त्यांना श्रमाची थोरवी कळलीच नाही, असे मी म्हणेन.

मी ही वास्तू छायाचित्रांतूनच पाहिली आहे. कलाकृती म्हणून ती असमान आहे. ध्रुवतारा पाहण्यासाठी भोक पाडून उभी केलेली उंच शिळा खरोखर भव्य. हृदयाच्या आकाराचे मेज मात्र बाळबोध. पण मन अडखळते ते घरच्या सामानापाशी. सोळा वर्षांच्या वाग्दत्त वधूने लग्नाच्या आदल्या दिवशी नकार दिला, असे तो सांगत असे. तो अखेरपर्यंत अविवाहित राहिला. तरीही येथे दगडी पलंग आहेत, मुलांसाठी खाट आहे, पाळणा आहे. आणि एक ‘पश्चात्तापाचा कोपरा’ही आहे: चुकलेल्याची मान खाचेत अडकवून त्याला उपदेश करण्याची जागा. जी मुले जन्मलीच नाहीत त्यांच्या शिक्षेची तजवीज आधीच झाली होती! (प्रवचनपीठावरून असे कोपरे बांधण्याची हौस आम्हा धर्मगुरूंनाही असते, हे कबूल केले पाहिजे.) या घरात नकार देऊ शकेल असे कुणीच नाही. खरे गूढ मला येथे वाटते.

त्याच्याशेजारी स्पेनमधील हुस्तो गायेगो यांना ठेवून पाहावे. क्षयामुळेच त्यांना ट्रॅपिस्ट मठ सोडावा लागला. १९६१ साली पिलारच्या पवित्र मरियेच्या सणाच्या दिवशी, माद्रिदजवळील मेहोरादा देल कांपो येथे, वडिलोपार्जित जमिनीवर त्यांनी चर्च बांधायला घेतले. ना वास्तुविशारद, ना परवाना; टाकाऊ विटा आणि रिकामे डबे हेच साहित्य. बांधणी ओबडधोबड आहे, खांब एकसारखे नाहीत. पण हे घर परक्यांच्या येण्यासाठी होते, म्हणून हळूहळू मदतीचे हातही आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये वयाच्या ९६व्या वर्षी ते प्रभूघरी गेले, तेव्हा चर्च अपुरेच होते.

लीड्सकाल्निनचे काम मात्र पुरे झाले होते. दहा सेंट, पुढे पंचवीस सेंट घेऊन तो स्वतः पाहुण्यांना सारे दाखवीत असे. १९५१ साली आजार बळावला, तेव्हा त्याने दारावर ‘इस्पितळात जात आहे’ अशी पाटी लावली आणि एकटाच बसने मायामीला गेला. डिसेंबरात तेथेच त्याचे निधन झाले.