दोन कागद आणि त्यांत नसलेले शब्द

मागच्या व्याख्यानात आपण बॉस्टनचा चहा पाहिला, लेक्सिंग्टनच्या गोळ्या पाहिल्या. आज घटना बाजूला ठेवू आणि नुसते कागद वाचू. एक १७७६ चा अमेरिकी स्वातंत्र्याचा जाहीरनामा, दुसरी १७८७ ची राज्यघटना.

जाहीरनामा आपल्या लक्षात राहिलाय तो समतेच्या एका वाक्यासाठी. पण त्याचा मोठा भाग आहे तक्रारींची यादी. सत्तावीस आरोप, आणि त्या सगळ्यांमागे आरोपी एकच: ‘त्याने’. त्याने म्हणजे तिसऱ्या जॉर्जने. आता बघा, १७६५ चा स्टॅम्प कायदा केला पार्लमेंटने. १७७३ चा चहाचा कायदाही पार्लमेंटचाच. मग जाहीरनाम्यात ‘पार्लमेंट’ हा शब्द किती वेळा येतो? एकदाही नाही. राजाने ‘इतरांशी’ संगनमत केलं असं मोघम म्हटलंय, आणि शेवटाकडे ब्रिटिश बांधवांच्या कायदेमंडळाचा ओझरता उल्लेख आहे. बस्स.

हे विसरून झालेलं नाही. तोवर वसाहतींचा युक्तिवाद असा झाला होता की आमचं नातं राजाशी, पार्लमेंटशी नव्हतंच. मग जे नव्हतं ते तोडणार कसं? नाव घेतलं की सत्ता मान्य केल्यासारखं होतं. इथे जेफरसनमधला वकील दिसतो. शिवाय लेखक म्हणूनही त्याला सोय झाली, कारण शेकडो सभासदांच्या सभागृहावर राग धरता येत नाही, एका माणसावर धरता येतो.

याच सोयीच्या नादात तो पुढे घसरतो. मूळ मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचं पापही त्याने राजाच्या माथी मारलं होतं. काँग्रेसने तो परिच्छेद गाळला. साऊथ कॅरोलायना आणि जॉर्जियाची मर्जी राखण्यासाठी, असं जेफरसनने लिहून ठेवलंय. उत्तरेतल्यांनाही तो बोचत होता, असंही म्हटलंय, कारण त्यांचीही जहाजं त्या व्यापारात होती. या गाळण्याबद्दल पुष्कळ अभ्यासक हळहळतात. मला तेवढी हळहळ वाटत नाही. लिहिणाऱ्याच्याच मालकीची आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं होती. तो परिच्छेद राहता तरी खराखुरा झाला नसता.

साम्राज्य तुटलं. पुढे सरकार उभं करायचं, तर पहिला प्रयत्न लंगडा निघाला. १७८१ ला लागू झालेल्या करारात केंद्राला कर लावायचा अधिकार नव्हता, राज्यांपुढे हात पसरायचे, आणि दुरुस्ती करायची तर तेराही राज्यांची संमती हवी. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी शेजच्या नेतृत्वाखाली बंड केलं, तेव्हा ही दुबळी व्यवस्था पुढाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आली.

मग फिलाडेल्फियात बंद दाराआड ५५ प्रतिनिधी बसले. इथे भाषेचा स्वरच बदलतो. आरोप नाहीत, विशेषणं नाहीत; नुसती कलमं. आणि पुन्हा एक शब्द गायब: ‘गुलाम’. लोकसंख्या मोजताना ‘इतर सर्व व्यक्तीं’चे तीन-पंचमांश धरायचे. १८०८ पर्यंत ‘अशा व्यक्तीं’च्या आयातीवर बंदी घालायची नाही. पळून गेलेला माणूस म्हणजे ‘सेवा किंवा श्रम देणं लागणारी व्यक्ती’! माणूस ही मालमत्ता असू शकते, ही कल्पना घटनेत यायला मॅडिसनने विरोध केला. कल्पना आली नाही, पण त्या तीन-पंचमांशामुळे दक्षिणेला प्रतिनिधिगृहात जास्त जागा मिळाल्या आणि अध्यक्ष निवडताना जास्त मतंही.

या गाळलेल्या शब्दावरून पुढे मोठा वाद झाला. गॅरिसनने १८५४ साली घटनेची प्रत जाहीर सभेत जाळली. स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने उलट म्हटलं की जो शब्द घटनेत नाही, त्याला घटनेचा आधार कशाला द्यायचा? वाचन म्हणून मला डग्लसचं जास्त धीट वाटतं. शत्रूने टाळलेला शब्दच त्याने हत्यार केला. मात्र १७८७ च्या त्या खोलीतल्यांचा हेतू तो नव्हता, हेही सांगायला हवं.

घटनेत हा शब्द आला १८६५ साली, तेराव्या दुरुस्तीत, ती प्रथा संपवताना. त्यानंतर आठ वर्षांनी जोतीराव फुल्यांनी आपलं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्यांनी शब्द टाळला नाही, थेट पुस्तकाचं नावच ठेवलं: ‘गुलामगिरी’.

पुढच्या वेळी घटनेच्या मान्यतेची भांडणं घेऊ. न्यूयॉर्कमध्ये ती ३० विरुद्ध २७ मतांनी कशीबशी पार पडली, तिथून सुरुवात करू.