तार जळाली, तर राख कुठे गेली?

विजेच्या दिव्याचा पाठ आपण सर्वांनी शिकलेला आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांनी तो शिकवलेलाही आहे. त्यातली आकृती आपल्याला डोळे मिटूनही काढता येईल. पेरूच्या आकाराचा काचेचा फुगा, खाली धातूची टोपी, आत दोन उभ्या जाड तारा आणि त्यांच्यामध्ये नागमोडी रेघ. त्या रेघेला एक बाण आणि बाणापुढे लिहायचे, ‘टंगस्टनची तार’. झाले दोन गुण.

या आकृतीवर आणि तिच्यासोबत वर्गात नेहमी सांगितल्या जाणाऱ्या तीन वाक्यांवर टीका करण्यासाठी हा लेख आहे. टीका करण्यापूर्वी एक कबुली देतो. हीच आकृती आणि हीच वाक्ये आम्हीही अनेक व्याख्यानांत वापरली आहेत. आम्ही संशोधनाच्या कामात रोज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो, तरी दिव्याची तार त्याखाली धरून पाहावी असे आम्हाला कधी सुचले नव्हते. ते सुचवले सातवीतल्या एका मुलीने.

बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या बाजूला एका शाळेत आम्ही मुलांशी बोलत होतो. बोलता बोलता सांगून गेलो, “बल्ब उडतो, म्हणजे आतली तार जळते.” मागच्या रांगेतून प्रश्न आला, “सर, तार जळाली म्हनता, मंग राख कुठी गेली?” मुले हसली. आम्ही म्हणालो, “अगं, ती फार थोडी असते, दिसत नाही.” मुलगी खाली बसली. उत्तर चुकीचे होते. वाईट याचे वाटले की ते चुकीचे आहे हे आम्हाला ठाऊक होते. तरीही वेळ मारून नेली.

संध्याकाळी तिथल्या शिक्षकांनी अडगळीच्या खोलीतून जुन्या बल्बांचे खोके काढले. वर्गांत एलईडी दिवे आल्यापासून ते तसेच पडून होते. त्यांत काही उडालेले होते, काही चांगले. कांद्याची साल दाखवण्यासाठी वर्षातून एकदा बाहेर येणारा सूक्ष्मदर्शक कपाटातून निघाला. पुढे जे लिहिले आहे ते त्या संध्याकाळी पाहिलेले आहे. आपल्यालाही ते सहज पाहता येईल.

तार बाहेर काढताना

बल्ब जाड कापडात नीट गुंडाळून बादलीत धरावा आणि काच हलकेच फोडावी. हे काम शिक्षकांनीच करावे. डोळ्यांवर चष्मा हवा, हातात जाड मोजे हवेत. ट्यूबलाइट किंवा सीएफएल मात्र कधीही फोडू नये, त्यांत पारा असतो. तार तिच्या आधाराच्या तारांसकट काचपट्टीवर ठेवावी. वापरलेली तार अतिशय ठिसूळ असते आणि चिमट्याच्या नुसत्या स्पर्शाने तुटते. नवी तार तशी तुटत नाही, ती लवते. हा फरकही मुलांना दाखवावा, कारण त्याचा पुढे उपयोग होणार आहे.

सर्वांत कमी शक्तीच्या वस्तुभिंगाने सुरुवात करावी. आरशाने खालून उजेड दिला की तारेची काळी आकृती दिसते. जाडी मोजायला आणि वेढे मोजायला ती उत्तम. तारेचा पृष्ठभाग पाहायचा असेल, तर आरसा झाकून बाजूने टॉर्च धरावा.

पहिले वाक्य: “दिव्यात बारीक नागमोडी तार असते.”

आपल्या डोळ्यांना बल्बमध्ये जी ‘तार’ दिसते ती मुळी तार नसतेच. भिंगाखाली ती एक गुंडाळी निघते. आणखी जवळून पाहिले की त्या गुंडाळीचा प्रत्येक वेढा हाही एका त्याहून बारीक गुंडाळीचा बनलेला दिसतो. थोडक्यात, हे कुंतलाचे कुंतल आहे. फोकसचा स्क्रू वरखाली केला की एकेक वेढा स्पष्ट होतो आणि पुन्हा पुसट होतो. हे पाहताना मुले आपोआप मोजू लागतात, त्यांना सांगावे लागत नाही. तारेशेजारी काचपट्टीवर डोक्याचा एक केस ठेवावा. 60 वॅटच्या दिव्याची खरी तार केसाच्या सुमारे निम्म्या जाडीची, म्हणजे 0.03 मिलिमीटरच्या आसपास भरते.

आता वरच्या वर्गांसाठी एक छोटे गणित. थंड असलेल्या 60 वॅटच्या बल्बचा रोध मल्टिमीटरने मोजला, तर तो साधारण 70 ओहम येतो. टंगस्टनची रोधकता खोलीच्या तापमानाला सुमारे 5.6 × 10⁻⁸ ओहम-मीटर असते. जाडी आपण आत्ताच मोजली. या तीन आकड्यांवरून तारेची लांबी काढली की ती 85 ते 90 सेंटिमीटर निघते. जवळजवळ एक मीटर तार त्या बोटभर जागेत गुंडाळून बसवलेली असते.

हे कशासाठी? याचे उत्तर 1913 साली अर्व्हिंग लँगम्युअर यांच्या कामातून मिळाले. बल्बमध्ये वायू भरला तर तारेचे बाष्पीभवन मंदावते, पण वायू उष्णता पळवून नेतो. तापलेल्या तारेभोवती वायूचा एक जवळजवळ स्थिर थर तयार होतो आणि उष्णतेचा ऱ्हास तारेच्या जाडीपेक्षा तिच्या लांबीवर जास्त अवलंबून असतो, हे लँगम्युअर यांनी ओळखले. म्हणून तार गुंडाळून आखूड करायची, म्हणजे वायूला ती एकच जाड, आखूड कांडी वाटते. पुढे गुंडाळीचीही गुंडाळी झाली. नागमोडी रेघ काढली की हा सारा विचार आकृतीतून निघून जातो. उरतो फक्त बाण आणि नाव.

दुसरे वाक्य: “तार बारीक, म्हणून रोध जास्त, म्हणून ती जास्त तापते.”

एकाच कंपनीचे 40 आणि 100 वॅटचे दोन बल्ब घ्यावेत. जास्त उजेड कोणाचा, हे मुलांना माहीत असते. कोणाची तार बारीक असेल, असे आधी विचारावे. वरचे वाक्य पाठ असलेली मुले हटकून 100 वॅटचे नाव घेतील. मग दोन्ही तारा शेजारी शेजारी ठेवून दाखवाव्यात. 100 वॅटची तार स्पष्टपणे जाड दिसते.

आपल्या घरात विभवांतर ठरलेले असते, विद्युतधारा ठरलेली नसते. ठरलेल्या विभवांतराला रोध कमी असेल तर धारा जास्त आणि शक्तीही जास्त. 230 व्होल्टला 100 वॅटच्या पेटत्या दिव्याचा रोध सुमारे 530 ओहम येतो, 40 वॅटच्या दिव्याचा सुमारे 1,320 ओहम. तेव्हा वाक्य अगदीच खोटे नाही. आधाराच्या जाड तारा आणि फिलामेंट यांतून धारा एकच वाहते, म्हणून त्यांची तुलना करताना ते खरे ठरते. पण कशाशी तुलना करतो आहोत हे न सांगता ते पाठ करून घेतले, तर पुढे घरगुती वीजजोडणीच्या धड्यात मूल अडखळते आणि आपण म्हणतो, त्याचा पाया कच्चा आहे. पाया आपणच घातलेला असतो.

तिसरे वाक्य: “बल्ब उडतो, म्हणजे तार जळते.”

आता त्या मुलीचा प्रश्न. जळायला ऑक्सिजन हवा. बल्बमध्ये तो नसतो. लहान वॅटच्या दिव्यांत निर्वात पोकळी असते, मोठ्यांत आरगॉन आणि नायट्रोजन. टंगस्टन 3,400 अंश सेल्सिअसच्याही वर वितळतो आणि दिव्यातली तार साधारण 2,500 अंशांना असते. म्हणजे नेहमीच्या वापरात ती जळतही नाही आणि वितळतही नाही. ती घन अवस्थेतून थेट वाफ होऊन झिजते. डांबराच्या गोळ्या कपाटात झिजतात, तसेच हे संप्लवन.

ती वाफ काचेवर जाऊन बसते. उडालेल्या बल्बच्या आतला काळसर डाग म्हणजेच हरवलेली ‘राख’. ती राख नव्हे, तो टंगस्टनच आहे. वायू भरलेल्या बल्बमध्ये तापलेला वायू वर चढतो, म्हणून डाग तारेच्या वरच्या बाजूला पडतो. टोपी वर करून टांगलेल्या बल्बचा डाग मानेजवळ असतो. खोक्यातला बल्ब हातात घेऊन तो टांगलेला होता की उलटा बसवलेला, हे मुलांना डागावरून ओळखता येते.

तारेवरही याच्या खुणा असतात. नव्या तारेवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा दिसतात. तार साच्यातून ओढून काढताना त्या पडतात. वापरलेल्या तारेवरून या रेघा गेलेल्या असतात. धातूचे स्फटिक वाढलेले असतात आणि दोन स्फटिकांच्या सीमेवर खाच पडते. उसाच्या पेरांची आठवण व्हावी अशा या खुणा. तार ठिसूळ का झाली, याचे उत्तर इथे आहे. जिथे तार थोडी झिजते तिथे ती अधिक तापते, अधिक तापते म्हणून अधिक झिजते. शेवटी एके दिवशी बटण दाबताच तुटते. बटण दाबतानाच का? कारण थंड तारेचा रोध पेटत्या तारेच्या साधारण बाराव्या-तेराव्या भागाइतकाच असतो आणि पहिल्या क्षणी धारेचा लोंढा येतो. पेटलेली असताना तुटलेल्या तारेच्या टोकांशी अनेकदा वितळलेल्या धातूचे गोल मणी दिसतात. थंड असताना धक्क्याने तुटलेली टोके मात्र तुटक, धारदार असतात.

आणि तार खरोखर जळते तेव्हा काय होते? पेटत्या बल्बच्या काचेला तडा जाऊन हवा आत शिरली तर ती जळते. मग आत पांढरट-पिवळट भुकटी सापडते. तो टंगस्टनचा ऑक्साइड. म्हणजे मुलीचा तर्क शंभर टक्के बरोबर होता. जळाली असती तर राख राहिली असती. राख नाही, त्याअर्थी तार जळाली नाही.

हे एवढे महत्त्वाचे का?

एका दिव्याच्या तारेवरून एवढा खल कशाला, असे कोणी विचारील. रस्त्यावरच्या अपघाताचा तपास करणारे तज्ज्ञ वाहनाच्या दिव्याची तार सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. धडकेच्या क्षणी दिवा पेटलेला असेल तर गरम तार ताणली जाते, वेढे विस्कटतात. विझलेला असेल तर ती ताणली न जाता मोडते. चालकाने दिवा लावला होता की नाही, हे तार सांगते.

दुसरे उदाहरण त्या मुलीच्या गावाशेजारचेच आहे. लोणारचे सरोवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे आणि ते विवर बेसाल्ट या ज्वालामुखीजन्य खडकात आहे. साहजिकच ते ज्वालामुखीचे असावे, असे अनेक वर्षे मानले जाई. उल्कापाताचे मतही मांडले जाई, पण नुसत्या खड्ड्याच्या आकारावरून वाद मिटत नव्हता. 1973 साली फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विवरात छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत त्यांना मॅस्केलिनाइट सापडले होते. हे फेल्डस्पार खनिजाचे काचेसारखे रूप आहे आणि ते प्रचंड आघाताच्या दाबाने तयार होते. ज्वालामुखीत तसा आघात होत नाही. एवढ्या मोठ्या विवराचा निकाल खडकाच्या पातळ चकतीत लागला.

दोन्ही ठिकाणी रीत एकच. वस्तूवर जे घडले त्याच्या खुणा वस्तूत राहतात, त्या पाहायच्या आणि मग वाक्य बनवायचे. आपल्या पाठात क्रम उलटा आहे. वाक्य आधी येते आणि पाहणे बहुधा येतच नाही. याचा दोष एकट्या शिक्षकाला देता येणार नाही. चाळीस मिनिटांचा तास, साठ मुले, एक सूक्ष्मदर्शक आणि परीक्षेत ‘आकृती काढून नावे द्या’ हा प्रश्न, हे आम्ही जाणतो. पण नागमोडी रेघेऐवजी गुंडाळी काढायला जास्त वेळ लागत नाही. ‘तार जळते’ऐवजी ‘तार झिजून तुटते’ म्हणायलाही लागत नाही.

सूक्ष्मदर्शक नसेल तरी अडत नाही. अंधाऱ्या खोलीत पेटत्या बल्बपुढे 10 सेंटिमीटर नाभीय अंतराचे भिंग धरून 3 मीटरवरच्या भिंतीवर प्रतिमा घ्यावी. तार सुमारे 29 पट मोठी आणि उलटी दिसते, तिचे वेढे साऱ्या वर्गाला एकदम मोजता येतात. उजेड डोळ्यांवर आला तर तसलाच दुसरा बल्ब एकसरीत जोडावा. ही जोडणीही शिक्षकांनीच करावी.

मात्र हे लवकर करायला हवे. घरांतून हे बल्ब जवळजवळ गेलेच आहेत. वीज वाचते ही चांगलीच गोष्ट आहे. पण आतले काम काचेतून उघड दिसते असे विजेचे साधन मुलांच्या हाती फारसे उरलेले नाही. अडगळीच्या खोलीतली खोकी भंगारात जाण्याआधी दहा-वीस बल्ब बाजूला काढून ठेवावेत. शिवाय मोटारसायकलच्या दुकानात जुने इंडिकेटरचे बल्ब मागितले तर मिळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या वर्गात पुन्हा गेलो आणि काल दिलेले उत्तर चुकीचे होते, असे सांगितले. मुलीच्या हातात काळा डाग पडलेला एक बल्ब दिला. तिने तो उजेडाकडे धरून बराच वेळ फिरवून पाहिला आणि विचारले, “मंग याचं वजन तेवढंच असन का, नव्या असतानी होतं तेवढं?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही इथे देत नाही. आपल्या वर्गात विचारून पाहा, आणि मुले काय म्हणतात ते आम्हाला जरूर कळवा.