उस्मानाबादचा पेपर पुन्हा वाचताना : निगेटिव्ह रिपोर्टची किंमत आणि चौथा गट

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर काम करायचं ठरवलं की लिटरेचर रिव्ह्यूच्या पहिल्याच महिन्यात एक पेपर समोर येतो. एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलेला, रेंगास्वामी शंकरनारायणन, भगवान नेने, सुरेंद्र शास्त्री, कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांचा. जगभर उद्धृत होणाऱ्या या पेपरचा सगळा डेटा आपल्या मराठवाड्यातला आहे : तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. काम उभं राहिलं ते शेजारच्या बार्शीतल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आयएआरसी ही संस्था यांच्यासोबत.

सिनॉप्सिसमध्ये हा पेपर बहुतेक वेळा एका वाक्यात उरकला जातो : 'एचपीव्ही चाचणीमुळे मृत्यू निम्म्यावर येतात.' वाक्य चुकीचं नाही, पण त्यात पेपरमधली सर्वांत उपयोगी गोष्ट येत नाही आणि सर्वांत अवघड गोष्टही येत नाही. पेटची तयारी करणाऱ्यांनी आणि नुकतंच रजिस्ट्रेशन झालेल्यांनी या दोन्ही गोष्टींसाठी तो पुन्हा वाचावा, म्हणून हे टिपण.

प्रयोग काय होता

१९९९ मध्ये सुरुवात झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह. रँडमायझेशन बाईनुसार नाही, समूहानुसार. एका गटात (३४,१२६) एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात (३२,०५८) पॅप स्मिअर, तिसऱ्यात (३४,०७४) व्हीआयए, म्हणजे पातळ ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी तपासणं. तिन्ही गटांत तपासणी आयुष्यात एकदाच. चौथा गट (३१,४८८) तुलनेसाठी. त्यांना 'स्टँडर्ड केअर', म्हणजे जी काही नेहमीची आरोग्यसेवा असेल ती.

आठ वर्षांनंतर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू : एचपीव्ही गटात ३४, चौथ्या गटात ६४. हॅझार्ड रेशो ०.५२, कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.३३ ते ०.८३. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात सापडलेले कॅन्सर ३९ विरुद्ध ८२. 'निम्मे मृत्यू' येतात ते इथून.

पण टक्केवारी लिहिताना शेजारी मूळ आकडेही लिहायची सवय लावून घ्या. चौथ्या गटात हजारी साधारण दोन मृत्यू, एचपीव्ही गटात हजारी एक. म्हणजे हजार बायकांना तपासणीला बोलावलं तर आठ वर्षांत एक मृत्यू टळतो. 'निम्मे' आणि 'हजारात एक' ही एकाच निकालाची दोन रूपं आहेत. पहिलं वाचून चाचणीचं बळ कळतं, दुसरं वाचून कामाचा पसारा कळतो.

चाचणीचं मोल 'नाही' म्हणण्यात

या पेपरआधी याच प्रयोगाचा पहिला अहवाल २००५ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये आला होता. त्यात प्रत्येक चाचणीने कॅन्सरपूर्व गंभीर बदल किती टक्के स्त्रियांत शोधले ते दिलं होतं : व्हीआयए ०.७, पॅप १.०, एचपीव्ही ०.९. तिन्ही जवळपास सारख्याच. त्या वेळी कोणी म्हटलं असतं की सगळ्यांत स्वस्त ती व्हीआयए वापरा, तर त्याला अडवायला या आकड्यांत काहीच नव्हतं.

चार वर्षांनी मृत्यू मोजले आणि चित्र बदललं. असं का व्हावं? उत्तर 'पॉझिटिव्ह' आलेल्या स्त्रियांत शोधून सापडत नाही. ते 'निगेटिव्ह' आलेल्यांत आहे. एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या स्त्रियांत पुढच्या वर्षांत कॅन्सर होण्याचा दर वर्षाला लाखात ३.७ होता. पॅप निगेटिव्ह आलेल्यांत १५.५, व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांत १६.०. म्हणजे 'तुम्हाला काही नाही, घरी जा' हे वाक्य तिन्ही गटांत बायकांनी ऐकलं, पण एचपीव्ही गटात ते चौपट खरं होतं.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो? तपासणीसाठी बाईची एक दिवसाची मजुरी बुडते. अनेक घरं ऊसतोडीला महिनोन्‌महिने बाहेर असतात. ती पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी एकदाच मिळालेला निगेटिव्ह रिपोर्ट किती वर्षं टिकतो, हा खरा प्रश्न आहे. २००५ चा आकडा या प्रश्नाला हातच घालत नव्हता, कारण तो फक्त सापडलेलं मोजत होता, निसटलेलं नाही.

मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण 'सरोगेट एंडपॉइंट'ची व्याख्या पाठ करतो. त्याचं याहून चांगलं आणि घरचं उदाहरण मला तरी माहीत नाही.

'फरक दिसला नाही' म्हणजे 'फरक नाही' असं नव्हे

आता या पेपरचं सर्रास होणारं चुकीचं वाचन : 'उस्मानाबादेत व्हीआयए नापास झाली.' व्हीआयए गटात मृत्यूचा हॅझार्ड रेशो ०.८६ होता, इंटरव्हल ०.६० ते १.२५. मराठीत सांगायचं तर, मृत्यू ४० टक्के घटले असण्यापासून २५ टक्के वाढले असण्यापर्यंत सगळं या डेटाशी जुळतं.

याच्या शेजारी आणखी दोन भारतीय प्रयोग ठेवा. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये (लॅन्सेट, २००७) व्हीआयएच्या एकाच फेरीने मृत्यू ३५ टक्के घटले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये, प्राथमिक आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या चार फेऱ्यांनंतर, ३१ टक्के घटले (२०१४). म्हणजे ०.६५ आणि ०.६९. दोन्ही आकडे उस्मानाबादच्या ०.६० ते १.२५ या पट्ट्यात आरामात बसतात. तिन्ही प्रयोग एकमेकांना खोटं पाडत नाहीत. उस्मानाबादचा प्रयोग व्हीआयएबद्दल 'फायदा नाही' असं सांगत नाही, 'खात्रीने सांगता येत नाही' इतकंच सांगतो.

तसंच, एक गट सिग्निफिकंट आणि दुसरा नाही, एवढ्यावरून त्या दोघांतला फरक सिद्ध होत नाही. त्यांची थेट तुलना करावी लागते. एचपीव्हीच्या बाजूने माझं मन वळतं ते ०.५२ मुळे कमी आणि वर दिलेल्या निगेटिव्ह स्त्रियांच्या आकड्यांमुळे जास्त.

आणखी एक. या प्रयोगात चाचणीबरोबर गावात जाऊन बोलावणं होतं, पुढची तपासणी होती, उपचार होते. एचपीव्ही गटातल्या सुमारे ८० टक्के स्त्रिया तपासणीला आल्या, त्या आपोआप आल्या नाहीत. तीन चाचण्या एकमेकींशी ताडून पाहताना ही सोय सगळीकडे होती, म्हणून ती तुलना चाचणीची आहे. चौथ्या गटाशी तुलना मात्र 'सगळी सोय विरुद्ध काहीच नाही' अशी आहे. ०.५२ हा नुसत्या किटचा गुण नाही. किट विकत घेऊन बार्शीचं मनुष्यबळ विकत मिळत नाही.

चौथा गट

आता अवघड भाग. ते ६४ मृत्यू.

अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये मुंबई, उस्मानाबाद आणि दिंडिगुल या तिन्ही प्रयोगांवर कडक टीका केली. तिन्हींच्या तपासणी न झालेल्या गटांत मिळून १,३८,६२४ स्त्रिया, त्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने किमान २५४ मृत्यू. पॅप तपासणीचा उपयोग श्रीमंत देशांत अनेक दशकं माहीत असताना तपासणी न देता मृत्यू मोजत बसायचं कशासाठी, हा त्यांचा प्रश्न.

बचावाचा मुद्दा असा : भारतात तेव्हा संघटित तपासणी कार्यक्रमच नव्हता, त्यामुळे कोणाकडून काही काढून घेतलं गेलं नाही.

मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. प्रश्न खोटा नव्हता. उस्मानाबादेतल्या पॅप गटाचाच हॅझार्ड रेशो ०.८९ आला, इंटरव्हल ०.६२ ते १.२७. 'पॅप इथेही नक्की चालेल' असं १९९९ मध्ये छातीठोकपणे सांगणं धाडसाचंच ठरलं असतं. पण 'काही काढून घेतलं नाही' हे उत्तरही पुरत नाही. ज्या जिल्ह्यात तपासणीची सेवाच नाही, तिथे 'स्टँडर्ड केअर' हा शब्द अभावाला नीटनेटकं नाव देतो. संशोधक त्या गावांची यादी करतो, बायकांची नोंद घेतो, मृत्यू मोजतो. त्यानंतर तो त्या गावाला परका राहत नाही.

दुसरी रचना शक्य होती का? गांबियात १९८६ पासून हिपॅटायटिस बी ची लस टप्प्याटप्प्याने एकेका भागात देऊन अभ्यास केला गेला. शेवटी सगळ्यांना मिळाली, आणि मधल्या काळात तुलनाही झाली. तसं इथे केलं असतं तर मृत्यू मोजायला मिळणारा काळ तोकडा झाला असता आणि उत्तर कदाचित धूसर आलं असतं. ही किंमत खरी आहे. ती कोणी मोजायची, हाच वाद आहे.

मग आपण काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली. भारताच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी आहे. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगतं की ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली आहे.

म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायका अजून चौथ्याच गटात आहेत, फक्त त्यांचे मृत्यू कोणी पेपरसाठी मोजत नाही.

म्हणून छत्रपती संभाजीनगरात किंवा धाराशिवच्या उपकेंद्रात बसून या विषयावर सिनॉप्सिस लिहिणाऱ्याने 'कोणती चाचणी अधिक अचूक' हा प्रश्न पुन्हा घेण्यात फारसा अर्थ नाही. पॉझिटिव्ह आलेली बाई उपचारापर्यंत पोचते का, कुठे गळते, कोणत्या फोननंतर किंवा कोणत्या बसभाड्यापाशी थांबते, हे प्रश्न मोकळे आहेत आणि त्यांना महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

आणि तुमच्या रचनेत तुलनेचा गट असेलच, तर 'कंट्रोल : स्टँडर्ड केअर' एवढं लिहून पुढे जाऊ नका. दोन ओळी वाढवा : त्या गावात आज नेमकं काय मिळतं, आणि अभ्यास संपल्यावर या स्त्रियांना काय, कधी मिळेल. गाईड विचारोत न विचारोत, या दोन ओळी तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असू द्या.