मोजणीची रेषा आणि प्रेअरीवरील गाव

प्रादेशिक कादंबरीची चर्चा करताना आपल्याकडे भूमीला बहुधा ‘पार्श्वभूमी’ म्हणून निकालात काढले जाते. विला कॅथर या अमेरिकन लेखिकेच्या ‘माय आन्तोनिया’ (१९१८) या कादंबरीपुरता तरी हा प्रघात उपयोगी पडत नाही. नेब्रास्कातील ज्या लहानशा वस्तीची ही कथा आहे, तिचा भूगोल व स्थानिक इतिहास हा कादंबरीच्या आशयाचाच भाग आहे. तो न जाणता केलेले भाषांतर शब्दाला जागेल, परंतु अर्थाला मुकेल.

पहिली अडचण ‘गाव’ या शब्दाचीच आहे. मराठी गावाला पांढरी असते आणि काळी असते. घरे पांढरीत दाटीने राहतात, शेते काळीत पसरतात. १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात इंग्रजांनी जमिनीची नवी मोजणी आरंभिली, ती पूर्वीच वसलेल्या गावांची होती. नेब्रास्कात क्रम उलटा होता : मोजणी आधी, वसाहतकरी मागून. १७८५च्या कायद्याने ठरवून दिलेला सहा मैल लांबी-रुंदीचा चौरस, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, अशी ही आखणी पश्चिमेकडे सरकत गेली. १८६२च्या होमस्टेड कायद्यान्वये वसाहतकऱ्यास अशा भागाचा चतकोर, म्हणजे १६० एकर, मिळे. अट ही की पाच वर्षे त्याने त्याच जमिनीवर राहून ती कसली पाहिजे. साहजिकच प्रत्येकाचे घर आपापल्या काळीत एकटे उभे राहिले. पांढरी निर्माणच झाली नाही. बोहेमियाहून आलेल्या शिमर्दा कुटुंबाचे एकाकीपण केवळ स्वभावाचे वा परभाषेचे नाही. त्याला या आखणीचाही आधार आहे.

ही आखणी कादंबरीत कळसाला पोचते ती वृद्ध शिमर्दाच्या आत्महत्येच्या प्रसंगी. त्याला दफनभूमीत जागा मिळत नाही, म्हणून त्याच्याच जमिनीच्या कोपऱ्यात त्याला पुरतात. उद्या मोजणीच्या रेषांवरून रस्ते निघतील तेव्हा नेमक्या त्या कोपऱ्यावर ते एकमेकांना छेदतील, हे सर्वांना ठाऊक असते. पुढे रस्ते निघतात, पण त्या ठिकाणी किंचित वळून जातात. थडगे राहते, त्यावरचे गवतही कोणी कापीत नाही. चौरसांच्या या प्रदेशात रेषा मोडली जाते ती एका परक्या, दुर्दैवी माणसासाठी. ‘मोजणीची रेषा’ या जागी भाषांतरकाराने सोयीसाठी ‘बांध’ लिहिला, तर हे सारे नष्ट होईल. बांध शेतकऱ्याने घातलेला असतो; ही रेषा दूरच्या कचेरीने ओढलेली आहे, आणि म्हणूनच तिचे वाकणे अर्थपूर्ण आहे. कॅथर १८८३ साली या भागात आल्या, त्याच्या थोडे अगोदर अशी आत्महत्या तेथे खरोखरच घडली होती. स्थानिक इतिहास सांगतो की त्या मृताचा देह नंतर रेड क्लाउडच्या दफनभूमीत हलविण्यात आला. कादंबरीने मात्र त्याला रस्त्याच्या वळणावरच ठेवले. इतिहास आणि कला यांतील अंतर येथे नेमके मोजता येते.

परंतु याच कादंबरीत आणखी एक आकृती आहे. बर्फ पडल्यावर गवतात एक मोठे वर्तुळ स्पष्ट दिसू लागते. इंडियन लोक तेथे घोडे फिरवीत असत. कशासाठी? गडीमाणसे कैद्यांच्या छळाचा तर्क करतात, आजोबा शर्यतीचा किंवा घोडे शिकविण्याचा. याहून खोल कोणी जात नाही. पॉनी लोकांना नेब्रास्का सोडून जावे लागले ते १८७०नंतरच्या काही वर्षांत, म्हणजे कथाकाळाच्या अगदी अलीकडे. रेड क्लाउड हे गाव १८७१च्या सुमारास वसले, तेव्हा ज्याचे नाव त्याला दिले तो लाकोटा नायक हयात होता. तो १९०९ साली वारला. कादंबरीत कॅथर यांनी गावाचे नाव बदलून ‘ब्लॅक हॉक’ केले. तेही १८३२ साली अमेरिकन सैन्याशी लढलेल्या सॉक नायकाचेच नाव! माणसे गेली, नावे तेवढी पाट्यांवर राहिली.

कॅथर यांची सहानुभूती खरी आहे, पण तिलाही सीमा आहे. परदेशातून आलेल्या मृतासाठी त्या रस्ता वळवतात. ज्यांची ही भूमी होती त्यांचे वर्तुळ मात्र एका शुभ्र दृश्यापुरते दाखवून सोडून देतात. हा दोष दाखविल्याने कादंबरीचे मोठेपण उणावत नाही. उलट, तिने आपणहून ठेवलेल्या खुणांवरूनच तो दाखविता येतो, यात तिच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. मराठी भाषांतरकाराने या खुणा पुसू नयेत. मोजणीची रेषा रेषाच राहावी, नावे मूळचीच ठेवावीत, आणि ती कोणाची होती हे प्रस्तावनेत स्पष्ट सांगावे. मग कोणती भूमी रिकामी होती आणि कोणती रिकामी केली गेली, हे वाचक स्वतःच ठरवील.