सण कोणाचा, धडा कोणाचा?

सणांच्या निमित्ताने प्राथमिक शाळेतले विषय शिकवावेत, या कल्पनेशी माझे भांडण नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम पुढे आली. विषय जीवनाशी जोडून शिकवण्याच्या त्या रीतीला समवाय पद्धती असे नाव मिळाले. प्रश्न एवढाच, की जोडायचे ते जीवन कोणाचे?

आश्विन लागला की हा प्रश्न उघडा पडतो. दसऱ्याला पाटीवर सरस्वती, दिवाळीला आकाशकंदील आणि सुट्टीच्या गृहपाठात ‘माझा आवडता सण’. मीही तो निबंध लिहीत आलो. सुट्टीत आईबाप दुसऱ्याच्या बांधीत धान कापायला जात, मागे आम्ही पोरे. निबंधात मात्र उटणे, अभ्यंगस्नान, फराळ. मार्क त्यालाच होते. मी घरातला पहिला पदवीधर. पण भाषा शिकवता शिकवता शाळेने मला माझेच घर खोडायला शिकवले. शिक्षक होऊ पाहणारे माझे विद्यार्थी पाठाची टाचणे दाखवतात, त्यांतही तेच एक घर दिसते.

ही उणीव साधनांची नाही, दृष्टीची आहे. भंडारा जिल्ह्यात साधने पायाशी पडली आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, तो दिवस विजयादशमीचा होता. पण दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला, २०२४ साली १२ ला आणि २०२५ साली २ ला आला. असे का? चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ चे. तूट साचते, ती अधिक मासाने भरावी लागते. वजाबाकी, पंचांग, चंद्राच्या कला एका प्रश्नात आल्या. ‘अशोक विजयादशमी’ या नावाचा माग काढत मुले पवनीला जातील. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. इतिहास आपल्याच जिल्ह्याच्या मातीत आहे.

दिवाळीनंतर गावोगाव वेगवेगळ्या दिवशी मंडई भरते, रात्री दंडार होते. कोणत्या गावी कधी, किती कोसांवर, यावरून मुलांनी नकाशा काढावा. धान मामा तलावाच्या पाण्यावर पिकते. तो तलाव बांधला कोणी, मालकी कोणाची, पाणी कोणाच्या बांधीत आधी? मालकाच्या घरी किती खंडी गेले आणि कापणाऱ्याच्या हाती किती कुडो आले, हे गणितही आहे आणि नागरिकशास्त्रही. बलिप्रतिपदेला बळीची कथा सांगाल, तर जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त वामनाची बाजू कशी उलटून दाखवली, तेही सांगा. मुले दोन्ही ऐकतील आणि वाद घालतील.

लहान मुलांत जात कशाला आणता, असे कोणी म्हणेल. ती आधीच आणलेली आहे. फक्त तिला ‘आपली संस्कृती’ हे नाव दिले आहे. मात्र आपल्यालाही सावध राहिले पाहिजे. सरस्वतीच्या जागी बाबासाहेबांची तसबीर लावून नुसते हात जोडायला लावले, तर पूजा बदलली, शिक्षण बदलले नाही. त्याच वर्गात गोंडाचे मूल बसते, गोवाऱ्याचे आणि ढिवराचेही बसते. त्यांच्या घरचे विचारल्याशिवाय आपला विद्रोह अर्धाच राहील.

म्हणून येत्या सुट्टीसाठी माझी मागणी साधी आहे. ‘माझा आवडता सण’ हा विषय फळ्यावरून पुसा आणि लिहा : ‘सुट्टीत आमच्या घरी काय काय झाले?’ जे येईल ते शुद्धलेखनापुरतेच तपासा.