हेसेद : ईश्वराची करारनिष्ठा

हिब्रू धर्मग्रंथांतील (ख्रिस्ती परंपरेतील ‘जुन्या करारा’तील) एक मध्यवर्ती संकल्पना. मनुष्याने करार मोडला, तरी ईश्वर आपल्या बाजूने तो मोडीत नाही, हा तिचा गाभा होय. ती व्यक्त करणारा प्रमुख हिब्रू शब्द ‘हेसेद’ असून तो या ग्रंथांत सुमारे २५० वेळा येतो. त्यांपैकी जवळजवळ निम्मे उल्लेख स्तोत्रसंहितेत आहेत. ‘एमेत’ व ‘एमुना’ (सत्यता, विश्वसनीयता) हे शब्द पुष्कळदा त्याच्या जोडीने येतात. मराठी भाषांतरांत हेसेदसाठी ‘दया’ हा शब्द विशेष रूढ झाला. तो मूळ अर्थास कितपत पुरा पडतो, हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. ईश्वर आणि मनुष्य यांच्यातील नाते कोणत्या प्रकारचे मानावयाचे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

दया ही समर्थाने असमर्थावर करावयाची असते. तिला पूर्वीचे नाते लागत नाही. हेसेद सामान्यतः नात्याच्या आत संभवते. विधवा झालेली मवाबी सून रूथ आपल्या सासूची साथ सोडीत नाही; दावीद राजा दिवंगत मित्र योनाथान याच्या पंगू मुलाला आपल्या पंक्तीस बसवितो. या दोन्ही वर्तनांना मूळ ग्रंथात हेसेद हेच नाव आहे. नेल्सन ग्लूक यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात हेसेद म्हणजे नात्यातून उद्‌भवणारे कर्तव्य, असे प्रतिपादन केले. पुढे कॅथरिन सेकनफेल्ड यांनी १९७८ मध्ये या मताला मुरड घातली : हेसेद करणारा बहुधा समर्थ पक्ष असतो व ते न करण्यास तो मोकळा असतो, तरीही तो नाते राखतो. बंधन आणि स्वेच्छा यांचा हा संयोग ‘दया’ या शब्दात उतरत नाही आणि ‘कर्तव्य’ या शब्दातही उतरत नाही.

ही संकल्पना तत्त्वचर्चेतून नव्हे, तर अपयशाच्या कथांतून घडत गेलेली आहे. ‘उत्पत्ती’ या ग्रंथात मानवी मनाची दुष्ट प्रवृत्ती हे जलप्रलयाचे कारण सांगितले आहे; प्रलय ओसरल्यावर मात्र तीच प्रवृत्ती पुन्हा प्रलय न आणण्याच्या निर्धाराच्या संदर्भात नमूद होते. मनुष्य बदललेला नाही. निर्धार ईश्वराचा आहे. ‘निर्गम’ ग्रंथात सीनाय पर्वतावरील करार ताजा असतानाच लोक सोन्याचे वासरू करून पूजतात, आणि ईश्वर हेसेद व एमेत यांनी संपन्न असल्याची प्रसिद्ध घोषणा नेमकी त्यानंतर येते. हीच घोषणा ‘योना’ या ग्रंथात तक्रारीच्या स्वरात आढळते : शत्रूच्या निनवे नगरालाही क्षमा मिळते, हे त्या संदेष्ट्यास सहन होत नाही. इ. स. पू. आठव्या शतकातील होशेय हा संदेष्टा व्यभिचारी पत्नी आणि हट्टी मूल या दोन प्रतिमांमधून हाच विचार मांडतो.

मराठी वाचकास येथे संतवाङ्‌मयातील ‘ब्रीद’ या कल्पनेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पतितपावन हे देवाचे ब्रीद. ते त्याने राखलेच पाहिजे, असा हक्काचा आग्रह भक्त धरतो. सोन्याच्या वासराच्या प्रसंगी मोशेही असाच युक्तिवाद करतो : पूर्वजांना दिलेल्या वचनाचे काय, आणि मिसरी लोक काय म्हणतील? तथापि दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. ब्रीद हे देवाने स्वतःहून मिरविलेले बिरुद असते, तर ‘बेरीत’ (करार) हा एका ऐतिहासिक समाजाशी झालेला असून त्यात लोकांवरही अटी घातलेल्या असतात. म्हणूनच तेथे मानवी अपयश हे केवळ पाप न राहता वचनभंग ठरते.

महाराष्ट्रात या विचाराचा प्रवेश एकाच वाटेने झाला नाही. बेने इस्राएल समाजासाठी मराठी भाषांतरासह ‘हग्गादा’ हा वल्हांडण सणाचा विधिग्रंथ १८७४ मध्ये पुण्यास छापला गेला. ज्याच्या सव्वीसही चरणांत हेसेद चिरंतन असल्याचे पालुपद आहे, ते १३६ वे स्तोत्र या विधीत म्हटले जाते. घोडनदीकाठच्या शिरूर येथे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र होते. शिरूरला लागून असलेल्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या निधनापूर्वी ते पुरे झाले आणि १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले; त्याच्या जुळणीचे व छपाईचे काम तेथील स्त्रियांनी केले.

या भाषांतराचे महत्त्व केवळ भाषिक नाही. संस्कृत पांडित्यात वाढलेल्या रमाबाईंनी वेदान्ताच्या छटा असलेली परिभाषा टाळून, अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशा साध्या मराठीचा आग्रह धरला. त्यांच्यासमोरचा वाचकवर्ग होता १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांतून आलेल्या मुली, विधवा, आणि समाजाने ‘पतित’ ठरवून कृपासदनात आलेल्या स्त्रिया. येथे होशेयच्या पहिल्या प्रतिमेची अडचण स्पष्ट होते. तीत पती एकनिष्ठ आणि पत्नी बेइमान आहे. केडगावात आलेल्या कित्येक स्त्रियांच्या बाबतीत नाते मोडले होते ते घराने व समाजाने. अशा वाचकास त्याच ग्रंथातील बोट धरून चालावयास शिकविणाऱ्या पालकाची प्रतिमा, किंवा आई एक वेळ मुलाला विसरेल पण ईश्वर विसरणार नाही, हे ‘यशया’तील आश्वासन अधिक जवळचे वाटणे शक्य आहे. टाकून दिलेल्या माणसाला दया मिळाली, तरी त्याची अवस्था आश्रिताचीच राहते. हेसेद त्याला पुन्हा नात्यात घेते.

ही निष्ठा हिब्रू ग्रंथांनी निःशंकपणे गृहीत धरली आहे, असे मात्र नाही. निर्गमातील उपर्युक्त घोषणेच्या अखेरीस पूर्वजांच्या अपराधाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतला जाईल, असेही म्हटले आहे. ‘यहेज्केल’ हा ग्रंथ या न्यायाला स्पष्ट विरोध करतो. ८९ वे स्तोत्र दावीदवंशाला दिलेले अभंग वचन विस्ताराने आठवून शेवटी विचारते, की पूर्वीचे ते हेसेद गेले कोठे? इ. स. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेमचा विध्वंस झाल्यानंतरच्या ‘विलापगीता’च्या मध्यभागी हेसेदवरील श्रद्धेचा उद्‌गार आहे, त्या ग्रंथाची अखेर मात्र ईश्वराने कायमचे टाकले की काय, या शंकेत होते. संकलनकर्त्यांनी हे प्रश्न वगळले नाहीत, हे लक्षणीय आहे. जेथे नातेच नाही, तेथे जाब विचारता येत नाही. ईश्वराला जाब विचारण्याचा हक्क हाही हेसेदचाच एक भाग ठरतो.

मराठीत या अर्थासाठी एकच समर्पक शब्द नाही. दया, वात्सल्य, सत्यता, निष्ठा हे शब्द त्याचे एकेक अंग दाखवितात. भाषांतरकाराने यांपैकी कोणताही शब्द योजला, तरी मोडलेले नाते राखण्याचा जो प्रसंग त्यामागे आहे, तो वाचकाच्या दृष्टीआड होता कामा नये.