कॅमेऱ्यामागील माणसाची साक्ष

कवीने स्वतःच्या कवितेविषयी फार बोलू नये, असा एक संकेत आपल्या साहित्यव्यवहारात पाळला जातो, आणि तो बव्हंशी योग्यच आहे. कविता लिहून झाली की कवीचे काम संपते; पुढचे वाचकाने पाहावे. वास्तवाची नोंद घेणाऱ्या छायाचित्रकाराला मात्र ही सवलत मिळत नाही. व्याख्यानांतून, मुलाखतींतून, पुस्तकांच्या प्रस्तावनांतून तो बोलत राहतो आणि लोक त्याला विचारत राहतात. याचे कारण आमच्या मते अगदी साधे आहे. कादंबरीतील पात्र लेखकाच्या दारात जाब विचारायला येत नाही. छायाचित्रातील माणूस येऊ शकतो. त्यामुळे छायाचित्रकाराचे बोलणे हे निव्वळ आत्मकथन राहत नाही, ते साक्षीच्या पिंजऱ्यातील बोलणे होते. म्हणूनच ते श्रद्धेने ऐकून सोडून देण्याऐवजी साक्ष तपासावी तसे तपासावे, असे आम्हांस वाटते.

सर्वांत प्रसिद्ध साक्ष डोरोथिआ लँग या अमेरिकन छायाचित्रकार स्त्रीची आहे. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तिने एका आईचे छायाचित्र घेतले. दोन मुले आईच्या खांद्यांआड तोंड लपवून उभी, मांडीवर तान्हे मूल आणि आईचा हात गालाशी. ‘स्थलांतरित माता’ या नावाने हे चित्र जगभर गेले. महामंदीचा विषय निघाला की आजही हेच चित्र डोळ्यांपुढे येते. पुढे १९६० साली एका छायाचित्रणविषयक मासिकात लँगबाईंनी त्या दिवसाची हकिकत लिहिली. महिनाभराचे काम आटोपून त्या पावसात घराकडे निघाल्या होत्या. तळाची पाटी दिसली, पण त्या पुढे गेल्या. वीस मैल मनाशी वाद घातल्यावर त्यांनी मोटार मागे वळवली. लोहचुंबकाने ओढावे तशा त्या त्या स्त्रीकडे गेल्या आणि दर खेपेस थोडे अधिक जवळ जात त्यांनी पाच चित्रे घेतली. तिचे नाव वा पूर्वेतिहास विचारला नाही. तिने आपले वय बत्तीस सांगितले. गोठलेल्या भाज्या आणि मुलांनी मारलेले पक्षी यांवर दिवस चालले आहेत, मोटारीची चाके नुकतीच विकली, असेही सांगितले. दहा मिनिटांत सारे आटोपले.

ही हकिकत फार सुंदर लिहिली आहे. वीस मैल पुढे जाऊन परतणे ही तर जवळजवळ बोधकथेतील घटना वाटते. अडचण एवढीच की त्या दहा मिनिटांना दुसराही एक साक्षीदार होता. १९७८ मध्ये एका स्थानिक वृत्तपत्रामुळे त्या स्त्रीचा पत्ता लागला. तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ती चेरोकी या मूळनिवासी जमातीची होती, ही गोष्ट बेचाळीस वर्षे त्या चित्राकडे पाहणाऱ्या कोणालाच ठाऊक नव्हती. उलट गोऱ्या शेतकऱ्याच्या दुर्दशेचे प्रतीक म्हणून ते चित्र मिरवले गेले. तिच्या कुटुंबाने सांगितले की चाके विकलेलीच नव्हती, मोटार तर दुरुस्तीची वाट पाहत उभी होती. आपल्या नावावर एक छदामही आला नाही, हे चित्र घेतले नसते तर बरे झाले असते, असे ती कडवटपणे म्हणाली. वृत्तपत्रात चित्र छापून आल्यावर सरकारने तळावर वीस हजार पौंड अन्न पाठवले, हे खरे. पण तोवर हे कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेले होते.

लँगबाईंना खोटे ठरवण्याची आम्हांस घाई नाही. चोवीस वर्षांनंतरच्या आठवणीत दुसऱ्याच एखाद्या तळावरची चाके मिसळली असतील. त्या काळात त्यांनी अशी कितीतरी कुटुंबे पाहिली होती. ते चित्र सरकारी मालकीचे होते, त्याच्या विक्रीतून त्यांनी संपत्ती मिळवली नाही, हेही नोंदवले पाहिजे. आम्हांस महत्त्वाची वाटते ती एक लहानशी गोष्ट. लँगबाईंनी आपल्या डार्करूमच्या दारावर फ्रान्सिस बेकनचा एक उतारा लावून ठेवला होता. वस्तू जशा आहेत तशा, भेसळ व फसवणूक न करता पाहणे हे साऱ्या शोधांहून थोर, असा त्याचा आशय. आणि याच बाईंनी काही वर्षांनी ‘स्थलांतरित माते’च्या निगेटिव्हवरून, चौकटीच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा पुसून टाकवला. त्यांचे वरिष्ठ रॉय स्ट्रायकर यांना हे रुचले नाही. चित्रकाराच्या दृष्टीने अंगठा खटकतो, यात वाद नाही. पण तो अंगठा खरा होता. डार्करूमच्या दारावरचा उतारा आणि डार्करूमच्या आतली कृती यांत जे अंतर पडते, तिथेच या कलेची सारी अडचण आहे. छायाचित्रकारांच्या मुलाखती वाचताना आम्ही हे अंतर शोधतो. आणि ते सहसा सापडतेच.

सेबास्तियाव सालगादो यांची साक्ष अगदी निराळ्या प्रकारची आहे. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात १९४४ साली जन्मलेला हा माणूस मूळचा अर्थशास्त्रज्ञ. लंडनमधील आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेतील नोकरी सोडून तो १९७३ मध्ये छायाचित्रणाकडे वळला. १९८६ साली सेरा पेलादाच्या सोन्याच्या खाणीत चिखलाने माखलेली, पाठीवर पोती घेऊन शिड्या चढणारी हजारो माणसे त्याने टिपली. ‘कामगार’ (१९९३) आणि ‘स्थलांतरे’ (२०००) या त्याच्या प्रचंड मालिकांत आपला देशही आहे. धनबादचे कोळसा कामगार आहेत आणि १९९५ सालचे चर्चगेट स्थानकही आहे. दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या आणि मधल्या फलाटावरून माणसांचा लोंढा धुरासारखा वाहत चाललेला; कॅमेऱ्याचा पडदा अंमळ अधिक वेळ उघडा ठेवल्यामुळे एकही चेहरा ओळखू येत नाही. वसई-विरारहून रोज त्या फलाटावर उतरणाऱ्या आपल्यापैकी कोणीही त्या धुरात असू शकेल. (हे चित्र पाहून आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी विचारले, “यात सकाळची गर्दी आहे की संध्याकाळची?” कोणत्याही समीक्षकाला न सुचलेला हा प्रश्न आहे.)

सालगादोवर आक्षेप होता तो सौंदर्याचा. इन्ग्रिड सिशी यांनी १९९१ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात त्याच्या कामावर कडक टीका केली. दुःख इतके देखणे करून दाखवले की पाहणारा दुःखापाशी न थांबता देखणेपणापाशी थांबतो, असा तिचा रोख होता. त्यावर सालगादोचे म्हणणे असे की गरिबाचे जग श्रीमंताच्या जगाहून कुरूप का दाखवावे? प्रकाश तर दोन्हीकडे तोच असतो. हे उत्तर आम्हांस पटते. आपल्या खेड्यापाड्यांतील माणूस दीनवाणाच दिसला पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांना दया करायची असते, ओळख नको असते.

परंतु सूझन सोन्टॅग यांनी २००३ साली काढलेला दुसरा मुद्दा अधिक टोचणारा आहे, आणि त्याला सालगादोच्या बोलण्यात समाधानकारक उत्तर मिळत नाही. त्याच्या फोटोओळींत माणसांना नावे नसतात. नामवंतांच्या चित्राखाली नाव छापायचे आणि दुबळ्यांना त्यांच्या धंद्याचे, वंशाचे, विपत्तीचे नमुने करून सोडायचे, हा भेद सोन्टॅगबाई दाखवतात. चर्चगेटच्या लोंढ्याला नाव नसणे समजू शकते. तिथे अनामिकता हाच विषय आहे. पण एकट्या चेहऱ्याचे काय? विम वेन्डर्स आणि सालगादोचा पुत्र जुलियानो यांनी २०१४ साली काढलेल्या माहितीपटात सालगादो आपल्याच चित्रांसमोर बसून बोलतो. त्याचा चेहरा आणि त्याची चित्रे पडद्यावर एकमेकांत मिसळतात. रवांडातील संहार पाहिल्यावर आपण आतून आजारी पडलो, माणसावरचा विश्वास उडाला, असे तो सांगतो, आणि पत्नी लेलिया हिच्यासह वडिलांच्या ओसाड जमिनीवर जंगल पुन्हा उभे करण्यात तो सावरला. चित्रपटाचे नाव शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनातून घेतलेले आहे: पृथ्वीचे मीठ. चित्रपट हेलावून टाकतो, हे आम्ही नाकारत नाही. तरीही तो संपल्यावर आपल्याला सालगादोची जखम तपशिलाने ठाऊक झालेली असते, आणि ज्यांना पाहून ती झाली त्यांची ओळख मात्र होत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सालगादो निवर्तला, तेव्हा जगभरच्या मृत्युलेखांतही हेच घडले.

आपल्याकडे मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षे काम करणारे सुधारक ओलवे यांची वाट निराळी आहे. २०१३ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक आले, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गटारात उतरलेल्या माणसाच्या चित्राशी ते थांबले नाहीत, त्याच्या घरापर्यंत गेले. भाषेचा लाभही त्यांना होताच. ज्यांचे चित्र घ्यायचे त्यांच्याशी मराठीत बोलता येणे ही सेरा पेलादाच्या भव्यतेहून वेगळ्या जातीची शक्ती आहे. त्यांची सारी चित्रे सालगादोच्या तोडीची आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पण ती पाहताना हा माणूस कोण, हा प्रश्न अनुत्तरित राहिल्याची बोच कमी लागते.

या साऱ्यांत आम्हांस सर्वाधिक प्रामाणिक वाटतो तो, ज्याच्यावर लबाडीचा आरोप सर्वांत सहज करता येईल असा माणूस: डब्ल्यू. युजीन स्मिथ. कॅन्ससमध्ये १९१८ साली जन्मलेल्या स्मिथने डार्करूममध्ये काय केले नाही? १९५१ च्या ‘स्पॅनिश खेडे’ या मालिकेत अंत्यदर्शनाच्या चित्रातील स्त्रियांची नजर त्याने रसायनाने वळवली. १९५४ मध्ये डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर यांच्या चित्रात दुसऱ्या निगेटिव्हमधील करवतीची मूठ आणि एक हात आणून बसवला. आणि मिनामाताच्या पुस्तकात (१९७५) तो उघड सांगतो की हे निष्पक्ष पुस्तक नव्हे. पत्रकारितेच्या कोशातून ‘वस्तुनिष्ठ’ हाच शब्द त्याला प्रथम काढून टाकावासा वाटतो. आपली पहिली जबाबदारी ज्यांचे चित्र घेतो त्यांच्याशी आणि नंतर वाचकांशी, हे त्याचे सूत्र होते. अंगठा पुसून बेकनचा उतारा दारावर ठेवण्यापेक्षा हे बरे. निदान साक्षीदार आपण कोणाच्या बाजूचे ते आधीच सांगतो.

तो नुसते सांगून राहिला नाही. चिस्सो कंपनीच्या कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे ज्या जपानी कोळ्यांच्या वस्त्या विकलांग झाल्या, तिथे तो १९७१ पासून पत्नी आयलीनसह तीन वर्षे भाड्याच्या घरात राहिला. जानेवारी १९७२ मध्ये कारखान्याच्या माणसांनी त्याला इतके मारले की त्याची दृष्टी अधू झाली. त्याआधी काही आठवडे त्याने घेतलेले चित्र म्हणजे आई आपल्या जन्मतः व्याधिग्रस्त मुलीला न्हाणीतील पाण्यात कवेत धरून आहे. मुलगी वाकड्या हातापायांनी छताकडे पाहते आहे, आई तिच्याकडे. कोणाही ख्रिस्ती प्रेक्षकाला येथे मायकेलअँजेलोची पिएता आठवावी, आणि आठवतेच. पण आम्हांस वाटते, ही आठवण जरा दूर सारून चित्र पाहावे. पिएतातील पुत्र मृत आहे. येथील मुलगी जिवंत आहे. माझ्या पोटात असताना हिने सारे विष स्वतःकडे घेतले, म्हणून मी आणि हिची पाठची भावंडे वाचलो, असे ती आई मानत असे आणि मुलीला घरचे रत्न म्हणत असे. चित्र ठरवून घेतलेले होते. आईची त्याला संमती आणि साथ होती.

मुलगी १९७७ मध्ये गेली, स्मिथ १९७८ मध्ये. चित्र मात्र पाठ्यपुस्तकांतून, भिंतीपत्रकांतून, प्रदर्शनांतून फिरत राहिले. घरी पत्रकार येत राहिले. भरपाईच्या पैशांवरून शेजाऱ्यांत कुजबुज झाली. अखेर वडिलांनी बोलून दाखवले की लेकीला आता विसावा मिळावा. चित्राचे हक्क आयलीन स्मिथ यांच्याकडे होते. ज्या चित्रामुळे मिनामाता जगाला कळले, ते १९९८ साली त्यांनी त्या आईवडिलांच्या स्वाधीन केले. यापुढे ते कोठे दाखवावे की नाही, हे त्यांनीच ठरवावे, असे कळवले. पुढील अनेक वर्षे ते नव्याने छापले गेले नाही. या लेखासोबतही ते नाही, आणि मुलीचे नावही आम्ही लिहिलेले नाही.